ऑइल पॅन गॅस्केट

ऑइल पॅन गॅस्केट म्हणजे मोटारीच्या इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्या तळाशी बोल्टांनी जोडलेले वंगणतेलाचे पात्र यांच्यामधील सांधा तेलबंद ठेवणारी पट्टी होय. या पात्राला ऑइल पॅन किंवा ऑइल संप असे म्हणतात. महाराष्ट्रातील गॅरेजांमध्ये मात्र ते सर्रास ‘चेंबर’ या नावाने आणि गॅस्केट ‘चेंबरचे पॅकिंग’ या नावाने ओळखले जाते. या लेखातही यापुढे चेंबर हाच शब्द वापरला आहे. जुन्या मोटारींमध्ये इंजिनाचे तेल गळण्याचे हे एक नेहमीचे ठिकाण आहे. गॅस्केटची किंमत अल्प असते. परंतु ते बदलण्यासाठी पुष्कळदा इंजिन उचलावे लागत असल्याने मजुरी त्या मानाने बरीच होते. नवे पॅकिंग घालूनही गळती पुन्हा सुरू झाली, तर त्याचे कारण क्वचितच निकृष्ट पॅकिंग हे असते. मूळ गळतीचे चुकीचे निदान, चेंबरची वाकलेली कड आणि गरजेपेक्षा जास्त आवळलेले बोल्ट ही खरी कारणे होत.

रचना

बहुतेक मोटारींमध्ये वंगणतेल इंजिनाच्या तळाशीच साठवलेले असते. पंप ते जाळीच्या तोटीतून शोषून घेतो आणि फिल्टरमार्गे क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट व त्यांच्या बेअरिंगांकडे ढकलतो. तेथून ओघळलेले तेल पुन्हा चेंबरमध्ये जमा होते. लहान मोटारीत हे तेल सुमारे तीन लिटर, तर मोठ्या इंजिनात चार ते पाच लिटर असते. जुन्या मोटारींचे चेंबर पोलादी पत्रा साच्यात दाबून केलेले असत. पुढे अनेक उत्पादकांनी ओतीव ॲल्युमिनियमचे चेंबर वापरण्यास सुरुवात केली.

या सांध्याविषयी एक गोष्ट प्रथम समजून घेणे आवश्यक आहे. पंपाने ढकललेल्या तेलाला नळ्यांमध्ये दाब असतो आणि मोटार धावत असताना तो साधारणपणे २ ते ४ बार इतका असतो. चेंबरमधील तेलाला मात्र असा कोणताही दाब नसतो. त्याच्या कडेवर केवळ क्रँकशाफ्टने उडवलेले शिंतोडे आणि आतल्या वायूंचा किंचित दाब येतो. म्हणूनच या गॅस्केटला सिलिंडर हेडच्या गॅस्केटसारखी प्रचंड पकड लागत नाही. हलकी, पण सर्व बाजूंनी सारखी पकड पुरते. याच कारणाने या सांध्यातून तेल झिरपते, ओघळते, थेंबाथेंबाने पडते. त्याची धार लागत नाही. इंजिन चालू होताच तेल जोराने उडू लागले, तर दोष चेंबरच्या पॅकिंगचा नसून ऑइल फिल्टर, ऑइल प्रेशर स्विच किंवा दाबाखालील एखाद्या जोडणीचा असतो.

जुन्या इंजिनांच्या तळाची कड सर्वत्र एका पातळीत नसते. दोन्ही लांब बाजू सपाट असतात. पण पुढे टायमिंग कव्हर आणि मागे शेवटच्या मुख्य बेअरिंगची टोपी यांच्याभोवती कड कमानीसारखी वळते. त्यामुळे एका अखंड पट्टीऐवजी तुकड्यांचे गॅस्केट वापरले जाई. १९५५ मध्ये बाजारात आलेल्या शेव्हरोलेटच्या ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिनाला दोन बाजूंच्या दोन पट्ट्या आणि पुढे-मागे दोन रबरी कमानी असे चार तुकडे लागत. १९८६ च्या मोटारींपासून या इंजिनाच्या मागच्या सीलची रचना बदलली आणि चेंबरचे गॅस्केटही अखंड झाले. चार तुकड्यांच्या रचनेत दोन तुकडे जेथे मिळतात ते चार कोपरे सर्वांत दुबळे असतात. जुन्या मोटारीच्या चेंबरची गळती बहुधा याच कोपऱ्यांतून सुरू होते.

साहित्य

जुन्या मोटारींचे गॅस्केट प्रामुख्याने कॉर्कचे, म्हणजे बुचाचे असे. कॉर्क ही भूमध्य सागराभोवतीच्या प्रदेशात वाढणाऱ्या एका जातीच्या ओक वृक्षाची साल असून जगातील जवळजवळ निम्मे उत्पादन पोर्तुगालमध्ये होते. या सालीतील पेशी बंद असून त्यांत वायू भरलेला असतो. त्यामुळे कॉर्क दाबले असता चेपते, पण रबरासारखे बाजूला पसरत नाही. चेंबरची कड अरुंद असल्याने हा गुण येथे फार मोलाचा ठरतो. रबर जास्त दाबले तर ते दोन बोल्टांच्या मधून बाहेर फुगते आणि प्रसंगी कडेवरून निसटतेच. कॉर्कचे दोषही ठळक आहेत. ते कोरड्या हवेत आकसते. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले गॅस्केट बोल्टांच्या भोकांशी जुळत नाही, ते यामुळेच. उष्णतेने ते कडक व ठिसूळ होते आणि एकदा चेपले की पूर्ववत फुगत नाही. कॉर्कचा भुगा रबरात मिसळून केलेले गॅस्केट हा या दोहोंतील मध्यम मार्ग होय.

पुढील काळात नायट्राइल किंवा सिलिकॉन रबराची साच्यातून काढलेली गॅस्केटे आली. त्यांतील चांगल्या गॅस्केटांमध्ये पोलादी गाभा आणि बोल्टाच्या प्रत्येक भोकात धातूची छोटी नळी असते. बोल्ट या नळीवर टेकला की तो आणखी आवळला तरी रबर चिरडत नाही. मेकॅनिकच्या हाताची सवय बदलण्यापेक्षा गॅस्केटच सुधारण्याचा हा शहाणपणाचा मार्ग होता. १९७० नंतर अनेक कारखान्यांनी गॅस्केट पूर्णपणे वगळून नळीतून पिळून लावण्याचे सिलिकॉन सीलंट वापरण्यास प्रारंभ केला. हे सीलंट हवेतील बाष्पामुळे घट्ट होते. ज्या सीलंटला घट्ट होताना व्हिनेगरसारखा वास येतो ते धातू गंजवत असल्याने इंजिनासाठी योग्य नसते.

भारतातील लहान गॅरेजांत कॉर्कच्या किंवा पॅकिंग कागदाच्या तावातून गॅस्केट हाताने कापून घेण्याची रीत दीर्घकाळ होती. ताव कडेवर पसरून गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके देत नेले की खालच्या धातूच्या धारेवर तो नेमका कापला जातो. सांध्याला शेलॅक लावले जाई. हे शेलॅक लाखेपासून, म्हणजे झाडांवरील लाखकिड्यांच्या स्रावापासून बनते. कागदाचे पॅकिंग सपाट, ओतीव कडेवर चांगले बसते. पत्र्याच्या चेंबरवर मात्र ते सहसा अपुरे पडते, कारण पत्र्यातील उंचसखलपणा भरून काढण्याइतकी जाडी त्याला नसते.

गळतीची कारणे

वयाने कडक झालेले कॉर्क हे सर्वांत साधे कारण. इंजिन रोज तापते आणि थंड होते. पट्टी थोडी थोडी चेपत जाते, बोल्टावरील ताण कमी होतो आणि तेलाला वाट मिळते. या टप्प्यावर बोल्ट हलक्या हाताने एकदा तपासून सैल झालेले तेवढे आवळले, तर गळती काही काळ थांबू शकते. अडचण अशी की हा ‘हलका हात’ क्वचितच हलका राहतो. दर सर्व्हिसिंगला कुणीतरी थोडे आणखी आवळतो. पत्र्याच्या चेंबरची कड मग प्रत्येक बोल्टापाशी वर खेचली जाते, दोन बोल्टांच्या मधला भाग खाली राहतो आणि कड लाटेसारखी होते. आता बोल्ट जितका आवळावा तितकी मधली फट वाढते. गळती थांबवण्यासाठी केलेला उपायच गळतीचे कारण होतो.

दुसरे कारण चेंबरपासून दूर असते आणि म्हणून हमखास दुर्लक्षिले जाते. पिस्टनच्या कड्यांमधून ज्वलनाचे काही वायू खाली उतरतात. ते बाहेर पडण्यासाठी पूर्वीच्या इंजिनांत एक उघडी नळी असे. १९६० च्या दशकाच्या आरंभी प्रथम कॅलिफोर्नियात आणि नंतर इतरत्र हे वायू एका झडपेतून पुन्हा इंजिनाच्या शोषणमार्गात नेण्याची पद्धत रूढ झाली. ही झडप किंवा तिची रबरी नळी काजळीने तुंबली, की वायूंना वाट उरत नाही. आतला दाब वाढतो आणि तेल सर्वांत दुबळ्या सांध्यातून बाहेर ढकलले जाते. अशा इंजिनाला नवे पॅकिंग घातले तरी काही महिन्यांत तेही गळू लागते किंवा तेल दुसऱ्या एखाद्या सीलमधून वाट काढते. पिस्टनच्या कड्याच झिजल्या असतील तर चेंबरचे पॅकिंग बदलून फारसे काही साधत नाही.

तिसरे कारण रस्त्याचे. उंच गतिरोधक, खड्डा किंवा घाटातील दगड चेंबरला लागून कड सरकते, कधी पत्रा फाटतो. ‘चेंबर फुटला’ हा वाक्प्रयोग वाहनचालकांच्या बोलण्यात यातूनच आला. फाटलेल्या पत्र्यावर इपॉक्सी लुकण लावून गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. मात्र आघाताने चेंबरचा तळ आत दबला असल्यास तो तेल शोषणाऱ्या तोटीच्या जवळ येतो आणि पंपाला तेल कमी मिळू लागते. बाहेरून केवळ पोचा दिसत असला तरी तो ठोकून काढणे किंवा चेंबर बदलणे अगत्याचे असते.

निदान

चेंबर हा इंजिनाचा सर्वांत खालचा भाग आहे. वर कोठेही गळलेले तेल अखेर त्याच्याच कडेवर येऊन थांबते आणि तेथून टपकते. त्यामुळे चेंबर ओला दिसणे हा त्याच्या पॅकिंगच्या दोषाचा पुरावा ठरत नाही. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, यांत्रिक पेट्रोल पंपाची बैठक, डिस्ट्रिब्युटरचा तळ, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टर, टायमिंग कव्हरचे सील यांपैकी कशाचीही गळती चेंबरच्या नावावर खपू शकते. टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलणे तासाभराचे काम आहे, चेंबरचे दिवसभराचे. म्हणून तपासणी नेहमी वरून खाली करावी.

प्रथम इंजिन बाहेरून पूर्ण स्वच्छ करावे लागते. जुन्या चिकट थरावर ताजे तेल कोठून आले हे कुणालाही सांगता येत नाही. धुऊन कोरडे केल्यावर गाडी थोडी चालवून ती सपाट जागी उभी करावी आणि बॅटरीच्या उजेडात ओलाव्याचा सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा बिंदू शोधावा. सर्वांत पुढचा अशासाठी, की धावत्या गाडीखालची हवा तेल मागे ढकलते. पुढच्या सीलमधून गळलेले तेल चेंबरच्या मागच्या कडेवर सापडते. संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरल्यास तेलाची वाट स्पष्ट उमटते. तेलात चकाकणारे रंगद्रव्य मिसळून जंबुपार प्रकाशाखाली पाहणे ही अधिक खात्रीची पद्धत आहे. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला तर थेंबांची जागा आणि संख्या दोन्ही कळतात. तपकिरी किंवा काळे तेल इंजिनाचे. लालसर असेल तर ते स्वयंचलित गिअरबॉक्सचे किंवा पॉवर स्टिअरिंगचे असण्याचा संभव असतो.

क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचे सील आणि चेंबरची मागची कमान यांच्या गळतीत फरक करणे सर्वांत अवघड आहे. इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधील आवरणाच्या तळाशी बहुधा एक छोटे छिद्र किंवा फट असते. तेथून तेल टपकत असेल आणि आतील फ्लायव्हीलही ओले असेल, तर मागच्या सीलवर संशय घ्यावा. ते बदलण्यासाठी अनेक मोटारींत गिअरबॉक्स उतरवावा लागतो. काही इंजिनांत तर असे सीलच नसते. हिंदुस्तान अँबॅसडरचे १,४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन मूळचे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतील. त्या मालिकेच्या तीन बेअरिंगांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या भागावर मळसूत्रासारखी खाच कोरलेली असते आणि ती फिरताना तेल आत परत ढकलते. इंजिन थांबले की तिचे कामही थांबते. अशी गाडी उभी केल्यावर तेथून काही थेंब पडले तर तो मूळ रचनेचाच भाग समजला जातो आणि चेंबरचे पॅकिंग कितीही वेळा बदलले तरी ते थेंब थांबत नाहीत.

दुरुस्ती केव्हा करावी

सांध्यावर नुसता ओलावा असेल आणि जमिनीवर थेंब पडत नसेल, तर लक्ष ठेवणे पुरेसे असते. जुन्या मोटारीतील प्रत्येक ओल्या सांध्यासाठी इंजिन उचलणे व्यवहार्य नाही. थेंब पडू लागल्यावर मात्र हिशेब करून पाहावा. एक थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरला आणि मिनिटाला एक या गतीने तो पडत राहिला, तर दिवसाला सुमारे ७२ मिलिलिटर आणि चौदा दिवसांत एक लिटर तेल जाते. अनेक मोटारींत डिपस्टिकवरील वरच्या व खालच्या खुणेतील अंतर साधारण एवढ्याच तेलाचे असते. गाडीच्या फलकावरील तेलाचा लाल दिवा या बाबतीत उपयोगाचा नाही. तो तेलाची पातळी दाखवत नाही. दाब अगदी खाली गेल्यावरच तो लागतो. कमी तेलावर कशेडीसारखा वळणांचा लांब घाट चढताना तेल चेंबरच्या एका बाजूला सरते, तोटी उघडी पडते आणि बेअरिंगांना तेलाऐवजी हवा मिळते. बेअरिंग खराब झाल्यावर येणारा खर्च पॅकिंगच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो.

गरम एक्झॉस्ट पाइपवर तेल ठिबकत असल्यास धूर येतो आणि आगीचा धोका संभवतो. अशी दुरुस्ती लांबवू नये. गळणारे तेल डांबरी रस्ताही बिघडवते, कारण डांबर खनिज तेलात विरघळते. शिवाय पहिल्या पावसात रस्त्यावर जो निसरडा थर येतो आणि ज्यावरून दुचाक्या घसरतात, त्यात अशा तेलाचा वाटा असतो. ब्रिटनमधील वार्षिक वाहन तपासणीत इंजिनाच्या तेलाचे जमिनीवर पाच मिनिटांत ७५ मिलिमीटरहून अधिक व्यासाचे थारोळे झाल्यास वाहन अनुत्तीर्ण ठरते.

गळती थांबवण्यासाठी तेलात घालण्याची द्रव्ये बाजारात मिळतात. ती रबरी सील किंचित फुगवतात व मऊ करतात, त्यामुळे कडक झालेल्या रबराला काही काळ त्यांचा उपयोग होतो. तुटलेल्या कॉर्कवर त्यांचा परिणाम होत नाही. सांध्यावर बाहेरून सीलंट थापणे हा उपाय लोकप्रिय असला तरी निरुपयोगी आहे. तेलकट पृष्ठभागाला सीलंट चिकटत नाही, आणि थोडेफार चिकटले तरी आतून येणारे तेल त्याला सोलून काढते.

बदलण्याची पद्धत

काम गॅरेजच्या खड्ड्यावर किंवा लिफ्टवर करणे उत्तम. ते शक्य नसल्यास गाडी सपाट, कठीण जमिनीवर जॅकने उचलून चौकटीच्या भक्कम भागाखाली लोखंडी स्टँड द्यावेत आणि चाकांना अडणी लावावी. केवळ जॅकच्या भरवशावर किंवा विटा व काँक्रीटचे ठोकळे रचून गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. ठोकळे कोणतीही पूर्वसूचना न देता फुटतात. बॅटरीची ऋण तार सोडवावी, कारण स्टार्टरची तार बहुधा चेंबरच्या शेजारूनच जाते. तेल कोमट असताना काढल्यास ते गाळासह निघते.

चेंबर बाहेर काढण्यातील अडचण प्रत्येक मोटारीत वेगळी असते. पुढची चाके चालवणाऱ्या अनेक लहान मोटारींत एक्झॉस्टचा पुढचा पाइप उतरवला की चेंबर खाली येतो. इंजिन पुढे आणि चालती चाके मागे असलेल्या जुन्या मोटारींत चेंबरखालून आडवी तुळई जात असल्याने इंजिनाचे माउंटिंग सोडवून ते काही सेंटिमीटर वर घ्यावे लागते. त्या वेळी पंखा रेडिएटरला आणि डिस्ट्रिब्युटर मागच्या पत्र्याला लागत नाही ना, रेडिएटरचे पाइप ताणले जात नाहीत ना, हे पाहावे. उचललेल्या इंजिनाच्या माउंटिंगखाली लाकडी ठोकळे दिल्याशिवाय हात आत घालू नये. शेव्हरोलेटच्या वर उल्लेखिलेल्या व्ही-८ इंजिनात क्रँकशाफ्टचे पुढचे वजन आडवे येते. त्यासाठी पुलीवरील टायमिंगची खूण घड्याळातील सहाच्या जागी, म्हणजे थेट खाली येईपर्यंत क्रँक फिरवावा लागतो.

बोल्ट निघाल्यावरही चेंबर चिकटून राहतो. रबरी हातोड्याचे आडवे ठोके आणि पातळ पात्याची सुरी यांनी तो सोडवावा. स्क्रू ड्रायव्हर ठोकून तो उचकटल्यास पत्र्याची कड वाकते आणि ॲल्युमिनियमवर कायमचा ओरखडा उठतो. पुढची गळती त्याच जागेवरून होते.

उतरवलेला चेंबर धुण्यापूर्वी त्याच्या तळातील गाळ निरखून पाहावा. इंजिनाची प्रकृती जाणण्याची ही दुर्मीळ संधी असते. गाळात चुंबक फिरवला असता चिकटणारा बारीक लोखंडी भुगा थोडा असल्यास तो वयानुसार स्वाभाविक आहे. चुंबकाला न चिकटणाऱ्या चकचकीत कपच्या बेअरिंगच्या अस्तराच्या असू शकतात, आणि तसे असल्यास पॅकिंगचा विचार मागे ठेवून बेअरिंग उघडावे लागते. प्लॅस्टिकचे तुकडे आढळल्यास टायमिंग चेनकडे लक्ष द्यावे; काही जुन्या अमेरिकन इंजिनांत टायमिंगच्या दंतचक्राचे दाते नायलॉनने मढवलेले असत आणि ते उष्णतेने तडकून तोटीच्या जाळीत अडकत. जाळी या वेळी स्वच्छ करावीच.

यानंतरचे काम कंटाळवाणे असले तरी दुरुस्तीचे यश त्यावरच अवलंबून असते. ब्लॉक आणि चेंबर या दोहोंच्या कडांवरील जुने पॅकिंग खरवडून पूर्ण काढावे. बोल्टांची भोके आणि कोपरे यांत अडकलेले तुकडे सहज नजरेतून सुटतात. ॲल्युमिनियमवर प्लॅस्टिकची पट्टी वापरावी. ड्रिलवर लावण्याच्या घर्षक चकत्या वेळ वाचवतात, पण त्यांचे कठीण कण इंजिनात शिरून नव्या बेअरिंगांचाही नाश करू शकतात. फार जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ते कोरडे घासू नये. ओले करून खरवडावे.

पत्र्याच्या चेंबरची कड मग सरळ पट्टी लावून तपासावी. बोल्टांच्या भोकांभोवती वर आलेले उंचवटे ऐरणीवर किंवा लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर कड टेकवून गोल तोंडाच्या हातोडीने हळूहळू बसवावेत. ही पायरी वगळून बसवलेले नवे पॅकिंग म्हणजे जुन्या लाटेवर अंथरलेली नवी पट्टी होय. ब्लॉकमधून तेल तासन्‌तास निथळत राहते. ते रात्रभर निथळू द्यावे आणि बसवण्याच्या अगदी आधी दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनर किंवा ॲसिटोनने पुसून कोरडे करावेत.

गॅस्केट बसवताना ते सरकू नये म्हणून चार-सहा भोकांमधून बारीक दोऱ्याने चेंबरला बांधतात किंवा ब्लॉकच्या चार कोपऱ्यांत डोके कापलेले लांब बोल्ट तात्पुरते लावून त्यांच्या आधाराने चेंबर वर सरकवतात. साच्यातून काढलेले रबरी गॅस्केट कोरडेच बसवायचे असते. त्यावर सर्वत्र सीलंट फासल्यास ते वंगणासारखे काम करते आणि रबर बाहेर निसटते. सीलंटचा छोटा ठिपका लावायचा तो केवळ टायमिंग कव्हर व ब्लॉक जेथे मिळतात तेथे, मागच्या बेअरिंगच्या टोपीपाशी आणि तुकड्यांच्या गॅस्केटच्या कोपऱ्यांवर. जास्तीच्या सीलंटचा धोका डोळ्यांआड असतो. बाहेर जेवढे दाबून आलेले दिसते तेवढेच आतही गेलेले असते. त्याचे घट्ट झालेले दोरे तुटून तेलात पडतात आणि पंपाच्या जाळीवर जमतात. थेंबभर गळती थांबवताना तेलाचा पुरवठाच बंद पडलेली इंजिने यामुळेच पाहायला मिळतात.

सर्व बोल्ट प्रथम हातानेच काही आटे फिरवून लावावेत. नंतर मधून सुरुवात करून आळीपाळीने समोरासमोरच्या बाजूंनी टोकांकडे जात दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. ताण उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. शेव्हरोलेटच्या त्याच इंजिनात पाव इंची बोल्टांसाठी तो ८० इंच-पाउंड, म्हणजे सुमारे ९ न्यूटन-मीटर आणि कोपऱ्यांतील पाच-सोळांश इंची बोल्टांसाठी १६५ इंच-पाउंड, म्हणजे सुमारे १८.६ न्यूटन-मीटर आहे. नऊ न्यूटन-मीटर म्हणजे १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण सहा किलो वजन टांगल्याने पडणारा जोर. चाकाचे नट आवळण्याची सवय असलेल्या हाताला हे काम अर्धवट सोडल्यासारखे वाटते. म्हणून लहान मापाचा टॉर्क रेंच वापरावा; तो नसल्यास पाना दांड्याच्या टोकाला न धरता डोक्याजवळ धरावा. कॉर्कचे गॅस्केट इंजिन काही वेळा तापून थंड झाल्यावर थोडे बसते, त्यामुळे त्याचे बोल्ट एकदा त्याच ताणावर पुन्हा तपासावे लागतात.

ड्रेन बोल्टाचा वायसर आणि ऑइल फिल्टर याच वेळी बदलणे सोयीचे असते. कित्येकदा ‘चेंबरची गळती’ म्हणून आलेली गळती या वायसरचीच असते. सीलंट वापरले असल्यास ते पूर्ण घट्ट होण्यास पुस्तिकेत सांगितलेला अवधी, सामान्यतः एक दिवस, देऊनच तेल भरावे. पहिल्यांदा इंजिन सुरू करताना इग्निशनची जोडणी काढून तेलाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरने काही सेकंद फिरवल्यास बेअरिंगांपर्यंत तेल आधीच पोहोचते.

भारतातील जुन्या मोटारी

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही मूळची फियाट ११०० होय. १,०८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनाची ही मोटार दीर्घकाळ मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप होती. टॅक्सीसाठी वीस वर्षांची मर्यादा असल्याने, २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. आता उरलेल्या पद्मिनी आणि अँबॅसडर मोटारी मुख्यत्वे हौशी संग्राहकांकडे आहेत. त्या महिनोन्‌महिने उभ्या राहत असल्याने त्यांच्या गळतीचे स्वरूपही बदलले आहे. रोज चालणाऱ्या टॅक्सीचे पॅकिंग उष्णतेने चेपत असे. उभ्या मोटारीतील कॉर्क तेलाच्या पातळीच्या वर कोरडे पडून आकसते. अशी गाडी बाहेर काढल्यावर पहिल्याच फेरीत चेंबरच्या कडेवर थेंब दिसू लागतात.

टाकाऊ तेल

चेंबर उतरवताना निघालेले तेल भारतात २०१६ च्या धोकादायक व इतर कचरा व्यवस्थापन नियमांखाली धोकादायक कचरा ठरते. ते गटारात, मोकळ्या जमिनीवर किंवा धूळ बसवण्यासाठी अंगणात ओतू नये. झाकणबंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पोहोचेल अशा संकलकाकडे किंवा सर्व्हिस सेंटरकडे द्यावे. पाणी, पेट्रोल किंवा कूलंट मिसळलेल्या तेलावर पुनर्प्रक्रिया करणे अवघड होते, म्हणून ते वेगळे ठेवावे. वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली बहुचक्रीय ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने असतात आणि त्यांच्या वारंवार स्पर्शाने त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यामुळे नायट्राइलचे हातमोजे घालून काम करावे. तेलाने माखलेले कपडे अंगावर राहू देऊ नयेत, तसेच तेलाचे बोळे खिशात कोंबण्याची सवयही टाळावी.